एसटीतून आलेला

आमच्या थोरल्या आत्याला एसटी लागायची. गाडी अकोल्याच्या स्टँडातून निघून संगमनेरच्या रस्त्याला आली की हिचा पदर तोंडाला. पिशवीत लिंबू, कनवटीला आवळासुपारी, आणि जागा खिडकीचीच हवी. त्या खिडकीपायी ती आख्ख्या गाडीशी भांडायची. आत्याला एसटी लागायची, फलाटावर एसटी लागायची आणि आमचा चुलतभाऊ एकोणिसाव्या वर्षी एसटीत लागला. एकच नाम, एकच क्रियापद, तीन भानगडी. घरात कधी कुणाचा गोंधळ झाल्याचं आठवत नाही.

(अकोल्याचं म्हणालो ते नगर जिल्ह्यातलं अकोले. विदर्भातलं अकोला निराळं. विभक्ती लागली की दोन्ही गावं एक होऊन जातात, आणि पुण्यात कुणाला 'मी अकोल्याचा' म्हणून सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, 'काय हो, उन्हाळा कसा सोसता?')

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा कंडक्टर होते. खाकी कपडे, छातीवर बिल्ला, काखेत चामड्याची पैशांची पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे आणि ती टकटक वाजणारी पंच. एसटी हे लघुरूप आहे, त्यातल्या 'एस'ला आणि 'टी'ला स्वतंत्र अर्थ आहे, हे मला बरीच वर्षं माहीतच नव्हतं. आजी 'यष्टी' म्हणायची, आई 'एष्टी', दादा ड्यूटीवर असले की 'गाडी'. पुढे हायस्कुलात मराठीच्या सरांनी 'देहयष्टी' शिकवताना यष्टी म्हणजे काठी असं सांगितलं, तेव्हा मला काठीसारखी बारीक लाल बस दिसली. दादांच्या पगाराच्या कागदावर मात्र एसटी कुठेच नसायची. तिथे असायचं 'रा.प.'. राज्य परिवहनाचं हे अधिकृत मराठी लघुरूप महामंडळाच्या कागदांबाहेर कुणी वापरलेलं मी ऐकलेलं नाही. 'रा.प. आली का रे?' असं कोण विचारणार? शासनाने मराठी दिली आणि लोकांनी इंग्रजी अक्षरंच घासूनपुसून मराठी करून टाकली. तिला स्त्रीलिंग दिलं, अनेकवचन दिलं, सगळ्या विभक्त्या लावल्या.

नगर जिल्ह्यातल्या माणसाला एसटीचा थोडा जास्तच अभिमान असतो, कारण पहिली गाडी आमच्याकडे आली. १ जून १९४८, पुणे ते अहमदनगर. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, तिकीट अडीच रुपये. ही दोन नावं दादा देवाच्या नावासारखी घ्यायचे. तेव्हा महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं. ती मुंबई राज्याची एसटी. राज्य बदललं, पाटीवरची नावं बदलली, गाड्यांचे रंग बदलले, १९८२ च्या दिल्लीतल्या एशियाडनंतर तर एका गाडीचं नावच 'एशियाड' पडलं आणि आजही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ते आहे. मधली ती दोन अक्षरं मात्र जागची हलली नाहीत.

आता आठवीच्या वर्गातली गोष्ट. साल १९८४. शिपाई नोटीस घेऊन आला. सरांनी ती मनात वाचली आणि म्हणाले, 'शिष्यवृत्तीचे फॉर्म आलेत. एस.टी.वाले उभे राहा.'

मी उभा राहिलो.

'तू रे कशाला?'

'सर, माझे वडील एसटीत आहेत.'

वर्ग फुटला. सरही हसले. वाईट हसले नाहीत, हे मुद्दाम सांगतो; भला माणूस होता. म्हणाले, 'बस खाली. तुझी एसटी वेगळी.' मीही हसत हसत बसलो. वर्गात आणखी तिघं उभे होते. त्यातला एक माझ्याच बाकावरचा. तो हसत नव्हता. बसतही नव्हता, कारण फॉर्म हातात मिळेपर्यंत उभं राहायचं होतं. वर्ग हसत होता माझ्यावर, पण उभे होते ते तिघं. बाहेरून कुणी त्या क्षणी डोकावलं असतं तर त्याला काय वाटलं असतं, हे मला कळायला फार वर्षं लागली.

दादांनी ही गोष्ट डेपोत सांगितली आणि ती तिथे वर्षभर चालली. एखादा ड्रायव्हर मला पाहून हाक मारायचा, 'काय शिष्यवृत्ती, मिळाली का?'

त्या दुसऱ्या एसटीचा अर्थ मला ना सरांनी सांगितला ना घरी कुणी. सांगितला बाकावरच्या सोबत्याने. तो बोर्डिंगात राहायचा. गाव राजूरच्या वर, डोंगरात. त्याने एका दमात म्हटलं, 'अनुसूचित जमाती.' पुढे, तितक्याच एका दमात, 'हिंदू महादेव कोळी.' त्याला दरवर्षी फॉर्मवर ते पूर्ण लिहावं लागायचं. माझा फॉर्म ई.बी.सी.चा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्गाचा. त्या तीन अक्षरांचा अर्थ मला दहावी सुटेपर्यंत ठाऊक नव्हता, आणि त्यामुळे माझं काही अडलंही नाही.

त्या दिवाळीत मी त्याच्या वाडीला गेलो. दादांच्या फॅमिली पासावर राजूरपर्यंत, तिथून दुसऱ्या गाडीने रस्ता जिथे संपतो तिथवर, आणि पुढे दोन तास पायी. डांबर संपलं तिथे गाडी वळली, धूळ उडवत परत गेली. एसटीचं एक ब्रीद तेव्हा सगळ्यांना पाठ होतं: रस्ता तिथे एसटी. त्यातली मेख मला त्या चढावर कळली. रस्ता नाही तिथे एसटी नाही, आणि तरीही वाक्य खोटं ठरत नाही.

वाडीत भाताची झोडणी चालली होती. त्याच्या आईने मला बघितलं आणि म्हणाली, 'ह्यो त्या कंडक्टरचा का?' दादांना तिने राजूरच्या गाडीवर पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणजे बाहेरून. ती स्वतः बाजाराला पायीच जायची. मी विचारलं, 'मावशी, निम्म्या वाटेवर गाडी असते की, चालत कशाला जाता?'

'मला नगं बाबा यष्टी. लागती मला.'

सोबती भाताची पेंढी आपटता आपटता म्हणाला, 'आगं आये, आपुनच यष्टी हाय.'

ती खळखळून हसली. मला वाटतं, तिला त्यातला दुसरा अर्थ माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. पोरगं शाळेत जाऊन काहीतरी इनोद शिकलंय, एवढ्यावरच ती खूश होती.

लघुरूपांचं असं होतंच म्हणा. 'ता.' म्हणजे तारीख आणि 'ता.' म्हणजे तालुका. ओ.टी. म्हणजे गिरणीत ओव्हरटाइम आणि दवाखान्यात ऑपरेशन थिएटर, शिवाय कोकणातल्या घराला ओटी असते आणि सवाष्णीची ओटी भरतात ती आणखी निराळीच. सी.एस.टी. हे दुकानदाराच्या बिलावर केंद्रीय विक्रीकर होतं आणि १९९६ नंतर व्ही.टी.चं नवं नाव झालं. २०१७ साली स्टेशनच्या नावात 'महाराज' आले, त्याच वर्षी जीएसटी आला, आणि दोन्ही सी.एस.टी. एकदमच जुन्या झाल्या. यातल्या कशानेही कुणाचं बिघडलं नाही. हसून सोडून द्यायचं. आमच्या एसटीचं तसं नाही. तिथे एका अर्थाची माणसं दुसऱ्या अर्थाच्या माणसांसमोर येऊन बसतात.

शेड्यूल हा शब्द घ्या. दादांच्या एसटीत शेड्यूल म्हणजे गाडीची आणि माणसाची नेमून दिलेली फेरी. अकोले–राजूर–अकोले–संगमनेर, मग मुक्काम. 'आज कुठलं शेड्यूल आहे?' हा आमच्या घरातला सकाळचा पहिला प्रश्न. दुसऱ्या एसटीतला 'एस' हाही शेड्यूलच. अनुसूची म्हणजे यादी. ६ सप्टेंबर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ती यादी निघाली. संविधानाच्या ३४२ व्या अनुच्छेदाप्रमाणे त्यात भर घालायची किंवा काही वगळायचं तर संसदेनेच. म्हणजे 'एसटी' या शब्दात माणसांबद्दल काहीच नाही, ती यादीत आहेत एवढंच आहे. डोंगर नाही, हिरडा नाही, नागली नाही. संविधान सभेत जयपालसिंह मुंडा यांनी 'आदिवासी' या शब्दासाठी आग्रह धरला होता. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचा कप्तान असलेला हा माणूस भर सभेत स्वतःला अभिमानाने 'जंगली' म्हणवून घ्यायचा. त्यांचा शब्द स्वीकारला गेला नाही. 'आदिवासी'चं लघुरूप करता येत नाही, हे त्यामागचं कारण खचितच नसणार. पण मला कधीकधी वाटतं, तो शब्द राहिला असता तर आठवीच्या वर्गात मी उभा राहिलो नसतो.

आणि यादीतही टप्पे होते. एसटीचं भाडं टप्प्यांवर चालतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. पास ज्या गावापर्यंतचा त्याच्या पुढे चालत नाही. अनुसूचित जमातींचंही १९७६ पर्यंत असंच होतं. महाराष्ट्रात कितीतरी जमाती ठरावीक तालुक्यांतच एसटी. तालुक्याची हद्द ओलांडली की तोच माणूस, तेच आडनाव, तेच कुलदैवत, पण एसटी नाही. १९७६ च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन उठलं. सोबत्याचा एक चुलता हद्दीपलीकडे घरजावई गेला होता. तो गमतीने म्हणायचा, 'मला मधल्या टप्प्यात उतरवलं होतं, मग पुन्हा चढवलं.'

मराठीतल्या विभक्तीच्या प्रत्ययांइतकं निर्दय काही नाही. 'एसटीत लागला' म्हणजे महामंडळात नोकरी मिळाली, पेढे वाटा. 'एसटीतून लागला' म्हणजे राखीव जागेवर मिळाली, आणि मग बोलणाऱ्याच्या ओठांचा कोपरा किंचित खाली जातो. एका 'ऊन'चा फरक.

१९८९ साली आम्ही दोघंही पुण्यात इंजिनीअरिंगला आलो, एकाच कॉलेजात. पुढच्या वर्षी ७ ऑगस्टला वि. प्र. सिंग यांनी मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करत असल्याचं जाहीर केलं आणि हॉस्टेलचं कँटीन पेटलं. वाद होता ओ.बी.सीं.च्या जागांचा. अनुसूचित जमातींच्या जागांना तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती, त्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण तापलेल्या डोक्यांना अक्षरांतला फरक दिसत नाही. एका संध्याकाळी टेबलावरच्या कुणीतरी माझ्या मित्राकडे बघून विचारलं, 'हा कशातून आलाय?'

'एसटीतून,' दुसरा म्हणाला.

आणि मी म्हणालो, 'मीपण एसटीतूनच आलो. तिकीट काढून.'

टेबल हसलं. विनोद चांगला होता, त्याला दोन बाजू होत्या, वेळ अचूक साधली होती. आठवीत माझ्यावर हसलेल्या वर्गाचा हिशेब सहा वर्षांनी चुकता झाला, असं काहीतरी त्या क्षणी मला आत वाटून गेलं असावं. मित्र चहा पीत होता. त्याने कप संपवला, बशीवर उपडा ठेवला, आणि गेला. भांडला नाही. दुसऱ्या दिवशी जर्नल मागायला आला, मी दिलं. आम्ही त्यावर पुढची तीसहून जास्त वर्षं बोललो नाही.

सुट्टीत घरी गेल्यावर मी हा किस्सा दादांना सांगितला. सांगितला, कारण मला वाटलं त्यांना आवडेल. एसटीतला विनोद होता ना. दादा हिशेब लिहीत होते. वेबिलावरून मान वर न करता म्हणाले, 'सवलतवाल्याला बी तिकीट असतं.'

मी म्हटलं, 'म्हणजे?'

'म्हणजे अर्धं तिकीट फाडतो आम्ही. पासवाल्याचा पास बघतो, नोंद करतो. त्याची भरपाई सरकार महामंडळाला देतं. तो फुकट्या नसतो. फुकट्या येगळा. फुकट्या मागच्या दारानं चढतो आणि चेकर दिसला की झोपतो.' मग पेन्सिल कानावर ठेवून माझ्याकडे बघितलं. 'तुझा इंजिनीअरिंगचा फॅमिली पास कुणाचा हाय? माझा का तुझा?'

तोवर अकोले ते पुणे मी एकदा सुद्धा तिकीट काढून आलो नव्हतो, हे खरं होतं. त्या काळात नव्हतोच आलो.

मित्राला १९९५ साली सरकारी नोकरी लागली, आणि पाठोपाठ जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीचं पत्र आलं. आदल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने महादेव कोळी दाखल्याच्याच एका खटल्यात पडताळणीची रीत घालून दिली होती: समिती, दक्षता पथक, जुने कागद, आणि माणसाला त्याच्या चालीरीती विचारणं. कुलदैवत कुठलं, लग्नात काय करता, मेल्यावर काय करता. पडताळणीच नको, असं मित्राचं म्हणणं कधी नव्हतं. नावसाधर्म्यावर दाखले काढून भलतेच लोक जागा खातात याची चीड सगळ्यात जास्त त्याच्याच वाडीत होती. राघोजी भांगऱ्यांचं देवगाव आमच्याच तालुक्यातलं. ज्यांना इंग्रजांनी २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर दिलं ते राघोजी महादेव कोळी होते, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या मुलखातल्या माणसाने 'आम्ही ते आहोत' हे कागदावर सिद्ध करायचं होतं. १९५० च्या आधीच्या कागदावर.

कागद सापडला. त्याच्या चुलत आजोबांचं नाव तीसच्या दशकातल्या एका शाळेच्या रजिस्टरात होतं. जातीच्या रकान्यात टाकाच्या शाईने, सुंदर वळणदार अक्षरात: 'हिं. म. कोळी'.

आता हा 'म.' कोण? महादेव, मल्हार, की मच्छीमार? महादेव कोळी यादीत आहेत, मल्हार कोळीही आहेत, वेगळ्या क्रमांकावर. मच्छीमार कोळी नाहीत. 'सह्याद्रीच्या माथ्यावर मच्छीमार!' मित्र फोनवर हसत म्हणाला. 'आमच्या वाडीत होडी दाखवा, मी नोकरी सोडतो.' पण समितीसमोर हसून चालत नाही. पुढची तीन वर्षं तो रजा काढून शाळा, तहसील, वनखात्याचं दफ्तर असा फिरला. शेवटी दुसऱ्या एका गावच्या रजिस्टरात त्याच आजोबांच्या सख्ख्या भावाची नोंद मिळाली. तिथल्या गुरुजींनी 'महादेव कोळी' असं सगळं लिहिलं होतं.

मी त्या दोन गुरुजींचा फार विचार करतो. पहिल्याचं अक्षर सुंदर. रकाना अरुंद असेल, संध्याकाळ झाली असेल, पटावर तीस पोरं असतील. 'महादेव' लिहायला चार अक्षरं. त्याने तीन वाचवली. वाचवली त्याने आणि साठ वर्षांनी भरली दुसऱ्याने, व्याजासकट. त्याला दोष कसा देणार? मी स्वतः ऑफिसात दिवसभर तेच करतो. दुसऱ्या गुरुजींना मात्र कुणीतरी पुतळा उभारावा असं मला मनापासून वाटतं. शाळांच्या दफ्तरांत असे कितीतरी 'म.' आणि 'कु.' आजही कुणाच्या तरी पोटावर बसलेले आहेत.

यादी वाचायला घेतली की डोकं गरगरतं. 'ठाकूर, ठाकर, का ठाकूर, का ठाकर, मा ठाकूर, मा ठाकर' अशी एक नोंद आहे. मला पहिल्यांदा वाटलं हे 'का' आणि 'मा' म्हणजे पुन्हा कसली तरी लघुरूपं. तर ती पोटजमातींची नावंच. गोंडांच्या नोंदीत पर्यायी नावांची लांबलचक रांग आहे, त्यात 'गोंड गोवारी' हे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. मध्ये स्वल्पविराम नाही. गोवारी म्हणतात, ते आम्हीच. शासन म्हणालं, गोंड गोवारी वेगळे, तुम्ही वेगळे. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशन चालू असताना नागपुरात गोवारींचा मोर्चा आला, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली. त्यांत बाया आणि पोरं किती होती ते नागपूरकरांना विचारा. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्या शहिदांचं नाव आहे. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला, आणि १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. यादीत जे छापलंय ते जसंच्या तसं वाचायचं. धनगरांची मागणीही अशीच यादीतल्या 'ओरांव, धनगड' या नोंदीतल्या शेवटच्या अक्षरापाशी वर्षानुवर्षं अडून आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने त्या याचिका फेटाळल्या. मूळच्या आदिवासींचं म्हणणं, 'र' तो 'र' आणि 'ड' तो 'ड', आमच्या ताटात हात नको. कुणाचं बरोबर हे ठरवणारा मी कोण? एवढंच दिसतं की लाखो माणसांचं आयुष्य छापखान्यातल्या एका खिळ्यावर टांगलेलं असू शकतं.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. दादा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी रोज टीव्हीसमोर. मागणी विलीनीकरणाची, म्हणजे आम्हाला सरकारी कर्मचारी म्हणा. एका रात्री खालच्या पट्टीवर दोन बातम्या पाठोपाठ सरकल्या: 'एसटीच्या मागण्यांवर तोडगा नाही', 'एसटी प्रवर्गात समावेशाची मागणी'. दादांना चष्म्यातून अर्धंच दिसलं. म्हणाले, 'कुणाचा समावेश? घेतलं का पोरांना सरकारात?' मी म्हटलं, 'दादा, ती एसटी वेगळी.' तोंडातून गेल्यावर मला ते सरांचं वाक्य आठवलं.

तुम्ही मोबाइलवर 'एसटी आरक्षण' असं शोधून बघा. अर्धं पान खिडकीची सीट कशी बुक करायची ते सांगतं आणि अर्धं पान कोर्टाच्या तारखा. स्टँडवर तर 'आरक्षण' अशी पाटी असलेली खिडकी पूर्वीपासून आहे, आणि गाडीत सीटांच्या वर रंगवलेलं असतं: स्त्रियांसाठी, अपंगांसाठी, आमदारांसाठी राखीव. आमदार लाल गाडीत बसलेला मी एकदाच पाहिला. त्याच्या सीटवर मात्र एवढ्या वर्षांत कुणी खवळलेलं पाहिलं नाही. गाडी भरली की कंडक्टर म्हणतो, 'बसा हो, आमदार आल्यावर उठा.'

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातीची माणसं एक कोटी पाच लाख होती, शंभरात नऊहून जास्त. आमच्या कँटीनच्या टेबलावर आठ जणांत एक होता. त्याच्याशी त्या संध्याकाळविषयी मी बोललो ते दादांच्या दहाव्याला. नदीवर, विधी चालू होता, आम्ही दोघं लांब एका दगडावर. मी म्हटलं, 'तिकिटाचं मी बोललो होतो…' तो म्हणाला, 'कुठल्या?' मग म्हणाला, 'हां, ते.' मग बराच वेळ पाण्याकडे बघून, 'तुझ्या दादांनी मला पहिल्या वर्षी पुण्याच्या गाडीत बसवलं होतं. सामान टपावर स्वतः चढवलं.' एवढंच. माफ केलं का, ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मागच्या दिवाळीत त्याने वाडीला बोलावलं. डांबर आता वाडीपर्यंत गेलंय आणि पावसाने रस्ता खचला नसेल तर दिवसाला दोन गाड्या जातात. त्याच्याकडे मोटार आहे, पण मी म्हटलं, एसटीने जाऊ. राजूरच्या स्टँडवर आम्ही चौघं चढलो: तो, त्याची बायको, मी आणि त्याची आई. मावशी बाजारासाठी म्हणून मुद्दाम खाली आली होती. कंडक्टर पंचविशीतली मुलगी, गळ्यात मशीन. पंच गेली, ट्रे गेला. तिने मावशीचं आधार कार्ड बघितलं, 'पंचाहत्तरच्या वर, आजी, तुम्हाला फ्री,' म्हणाली आणि मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून दिलं. मावशीने त्याची बारीक घडी करून ते चंचीत ठेवलं. वहिनींचं अर्धं, महिलांच्या सवलतीचं. आम्हा दोघांचं पूर्ण.

घाट सुरू झाला. मावशी पदर तोंडाशी धरून बसली होती. पहिल्या वळणावर तिने माझ्या दंडाला हात लावला आणि खुणेने सांगितलं, ऊठ. खिडकी माझ्याकडे होती.